वालीवचे बंद दार

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वसईची खाडी ओलांडून उत्तरेकडे निघाले की उजव्या हाताला तुंगारेश्वराची डोंगररांग सोबत करू लागते. चिंचोटीचा फाटा मागे पडतो आणि थोड्याच अंतरावर डावीकडे वालीवची वाट फुटते. पूर्वेला अभयारण्याची हिरवी भिंत, पश्चिमेला वसई रोड स्थानकापर्यंत पसरत गेलेली वस्ती आणि मधल्या पट्ट्यात कारखान्यांचे गाळे असे या गावाचे आजचे रूप आहे. दिवसभर पत्रा कापल्याचे आवाज येतात, माल चढवणारे टेम्पो रस्ता अडवून उभे असतात आणि दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपऱ्यांवर कामगारांची गर्दी उसळते. ‘आम्ही चार दिवस वालीवला राहायला गेलो होतो,’ असे सांगितले तर वसईचाच माणूस आधी आपल्याकडे निरखून पाहील.

तरीही घरातील वृद्ध माणसाला घेऊन वसईचा परिसर पाहायचा असेल तर वालीव ही सोयीची जागा आहे, असे माझे मत आहे. तुंगारेश्वराचा पायथा, नालासोपाऱ्याचा स्तूप आणि वसईचा किल्ला ही तिन्ही ठिकाणे येथून गाडीने फार लांब नाहीत. समुद्रकिनाऱ्यावरील निवासांपेक्षा भाडे कमी पडते. नव्या इमारतींना उद्वाहक असतात, आणि ज्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे त्यांच्यासाठी खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रापेक्षा लिफ्ट अधिक मोलाची असते.

या निवासांची एक नवी रीत मात्र ज्येष्ठांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी समजून घेतली पाहिजे. येथे स्वागतकक्ष नसतो. खिळ्यांवर किल्ल्या टांगलेली फळी नसते आणि ‘प्रवास कसा झाला?’ असे विचारणारा व्यवस्थापकही नसतो. दाराला आकड्यांचे कुलूप असते. घरमालक दुसऱ्याच गावी असतो आणि तो भ्रमणध्वनीवर चार किंवा सहा आकड्यांचा संकेतांक, म्हणजे ज्याला सगळे कोड म्हणतात तो, पाठवून देतो. आकडे बरोबर असले तर दार उघडते. बरोबर नसले तर तुम्ही, तुमचे सामान आणि तुमची औषधे बाहेर राहतात.

गेल्या मे महिन्यात असेच एक दार आमच्यापुढे उभे राहिले. एका लग्नाच्या निमित्ताने वसईला आलेलो होतो आणि पुढचे चार दिवस सासूबाईंना घेऊन तेथेच राहायचे ठरले होते. त्यांचे वय ब्याऐंशी. मधुमेह जुना, रक्तदाबासाठी दोन गोळ्या, त्यांतली एक लघवी वाढवणारी. माझे पती पुण्याहून संध्याकाळपर्यंत पोहोचणार होते. टॅक्सीवाला सामान उतरवून निघून गेला आणि आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे पाऊण वाजले होते. पाठवलेला संकेतांक दोन वेळा दाबला. कुलपाने लाल दिवा दाखवून किरकिर केली. मालकाचा दूरध्वनी बंद आणि पतींची गाडी घाटात, त्यामुळे तोही संपर्क तुटक.

इमारतीच्या त्या मार्गिकेत बसायला काही नव्हते. गुळगुळीत फरशी, पाच बंद दारे आणि टोकाला एक लहानशी खिडकी. आई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “अगं, किती वेळ लागेल? मला जायला हवंय.”

हे वाक्य ज्यांनी वृद्धांसोबत प्रवास केला आहे त्यांना लगेच समजेल. तरुण माणसाला दार उघडत नाही म्हणजे गैरसोय. मूत्रल गोळी घेतलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईला ती लाजेची आणि धोक्याची गोष्ट होते. घाई झाली की पाय घसरतो, आणि या वयात एक घसरणे म्हणजे कित्येकदा खुब्याचे हाड. म्हणूनच पुष्कळ वृद्ध स्त्रिया प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. ‘मध्येच जावे लागले तर?’ ही त्यांची मुकी भीती असते. मग उन्हाळ्याच्या दिवशी त्या आधीच कोरड्या पडलेल्या शरीराने मुक्कामी पोहोचतात.

मी कुलपाचा नाद सोडला आणि आईंना घेऊन खाली आले. पहारेकऱ्याने आपली खुर्ची पुढे केली. “आजी, हिते बसा. वर हवा नाय,” असे म्हणून त्याने दुसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवली. दार उघडणारी बाई माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असेल. मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात ती म्हणाली, “काकू, ते सगळं नंतर सांगा. आजींना आधी आत आणा.” आई न्हाणीघरातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ववत झाला होता.

पुढचे दोन तास आम्ही त्या अनोळखी घरात पंख्याखाली बसलो. जेवणाची वेळ टळत होती आणि आईंचे इन्सुलिन माझ्या पिशवीत होते. येथे एक नियम मी कधीच मोडत नाही. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याखेरीज द्यायचे नाही. ‘आता पाच मिनिटांत दार उघडेल’ या भरवशावर इंजेक्शन घेतले आणि जेवण तासाभराने मिळाले, तर रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही तरी खायला द्यावे. साखरेची पुडी सामानाच्या तळाशी ठेवू नये. ती सोबत्याच्या खांद्यावरच्या पिशवीत हवी.

इन्सुलिनचेही तसेच. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने तीस अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकतात, परंतु नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. मे महिन्यात बंद गाडीत किंवा उन्हात ठेवलेल्या पेटीत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. ओल्या मडक्यात किंवा ओल्या फडक्यात कुपी ठेवण्याची देशावरची युक्ती उत्तम आहे, पण वसईसारख्या दमट किनाऱ्यावर तिचा गुण कमी येतो, कारण हवेतच ओल असल्याने पाणी उडत नाही आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा येत नाही.

घामाचेही नेमके हेच होते. वैशाखात नागपूरचा पारा वसईच्या किती तरी वर असतो, म्हणून किनाऱ्यावरचे लोक उन्हाला गंभीरपणे घेत नाहीत. परंतु दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि शरीराची उष्णता बाहेर पडण्याची वाट अडते. वार्धक्यात तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो. मूत्रल औषधे, रक्तदाबाची काही औषधे, नैराश्याची व सर्दी-ॲलर्जीची काही औषधे यांत भर घालतात. म्हणून खोळंबा झाला तर दर थोड्या वेळाने दोन-दोन घोट पाणी, सावली आणि वारा एवढे तरी मिळाले पाहिजे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरलेले आहे, त्यांनी उन्हाळ्यातील प्रवासात किती प्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. गरगरणे, पायात गोळे येणे, मळमळ ही पहिली खूण. अंग तापले आणि बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आणखी एक बारीक गोष्ट आहे. बराच वेळ बसून एकदम उठले की रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. दार उघडल्याच्या आनंदात आजी चटकन उठतात आणि नेमक्या तेव्हाच पडतात.

दार अखेर उघडले. मालकाचा माणूस आला आणि उलगडा झाला. आम्हाला पाठवलेला संकेतांक आधीच्या पाहुण्यांचा होता. त्यांची मुदत संपली तशी त्या आकड्यांचीही संपली. या कुलपांत तशी सोय असते. संकेतांक ठरावीक दिवशी ठरावीक वेळी जिवंत होतो आणि ठरावीक वेळी मरतो. दोनच्या प्रवेशाचा संकेतांक बारा वाजता बरोबर दाबला तरी दार उघडत नाही आणि माणसाला वाटते, आपलेच काही चुकते आहे.

कुलपाची रचना थोडी माहीत असली तर ही घालमेल पुष्कळ कमी होते. बहुतेक कुलपांच्या पट्टीवर आधी तळहात टेकवावा लागतो, मग आकडे उजळतात. शेवटी चौकटीची किंवा चांदणीची खूण दाबावी लागते, आणि ती राहून गेली म्हणून बरोबर आकडे वाया जातात. स्पर्शावर चालणारी पट्टी वृद्धांच्या कोरड्या बोटांना नीट दाद देत नाही. बोट किंचित ओलसर केले की काम होते. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपांवर तर ज्येष्ठांनी विसंबूच नये. ज्यांनी आयुष्यभर भांडी घासली आणि शेती केली त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, हे आधारच्या यंत्रापुढे ताटकळलेल्या अनेकांना ठाऊक आहे. चार-पाच वेळा चूक झाली की कुलूप काही मिनिटे संपच पुकारते. तेव्हा दोन प्रयत्नांनंतर थांबावे. या कुलपात सहसा चार पेन्सिल सेल असतात, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ते लवकर दगा देतात. सेल मेले तरी उपाय असतो. पट्टीच्या खालच्या कडेला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवण्यासाठी दोन धातूचे ठिपके असतात, किंवा फोनच्या तारेसारखी तार लावायची खाच असते. त्यातून कुलपाला तात्पुरता जीव येतो आणि मग संकेतांक चालतो. पुष्कळ कुलपांत एखाद्या झाकणामागे साध्या किल्लीचे भोकही दडवलेले असते. प्रश्न एवढाच की ती किल्ली कोणाकडे आहे.

आकडे आठवणे हाही वृद्धांच्या मानाला लागणारा विषय आहे. दारापुढे आकडा आठवला नाही की ते खजील होतात आणि मुले एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहतात. तसे पाहण्याचे कारण नाही. घाई आणि ताण असताना माहीत असलेली गोष्टही तरुणांना आठवत नाही, आणि एका नव्या घराचा नवा आकडा विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बँकेच्या यंत्रातील पिन चार आकड्यांचा का असतो, याची कथा येथे सांगण्यासारखी आहे. लंडनजवळच्या एनफिल्ड येथे २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेने पैसे देणारे यंत्र सुरू केले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडे होते. घरी पत्नी कॅरोलाइन यांना विचारले, तर त्या म्हणाल्या की आपल्याला चारच लक्षात राहतील. म्हणून चार ठरले, असे शेफर्ड-बॅरन यांनीच पुढे सांगितले. एका गृहिणीच्या स्मरणशक्तीचा असा मान राखला गेला. आजचे घरमालक मात्र सहा-सहा, आठ-आठ आकडे पाठवतात. तेव्हा संकेतांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो आजीच्या बटव्यातही ठेवावा. मात्र सोबत घराचा पत्ता लिहू नये. दारापुढे जो प्रत्यक्ष उभा राहणार आहे त्याच्याच हाती आकडा हवा, आणि प्रवासात घाटात अडकलेल्या मुलाच्या फोनमध्ये तो असून उपयोग नाही.

आईंना त्या दुपारी कुलपाचे नवल वाटलेच नाही. त्यांना नवल वाटले ते या गोष्टीचे की बंद घराबाहेर बसायला जागा नाही. त्यांचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तेथे खोलीला कुलूप असले तर किल्ली शेजारच्या बिऱ्हाडात असे, आणि किल्ली नसली तरी चहा असे. वसईच्या जुन्या घरांना ओटा होता. घरचे लोक वाडीवर गेलेले असोत की बाजारात, आलेला माणूस ओट्यावर टेकत असे. तहान लागली तर शेजारी विचारत असे, ‘कोणाकडे आलात?’ कुलूप घराला असे, ओट्याला नसे. आज शेजाऱ्याची जागा चार आकड्यांनी घेतली आहे. आकडे चहा करत नाहीत, ही तक्रार मी जुनेपणाने करत नाही. एकट्या राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांना असे कुलूप वरदान ठरते. रात्री पडल्या-झडल्यास दूरवरची मुलगी शेजाऱ्याला संकेतांक सांगून दार उघडवू शकते. पण त्यासाठीही मुळात शेजारी ओळखीचा असावा लागतो.

म्हणून निवास ठरवताना आता मी खोलीची छायाचित्रे नंतर पाहते. मालकाला आधी विचारते की पंधरा मिनिटांत दारापाशी येऊ शकेल असा माणूस कोण आहे, त्याचे नाव आणि क्रमांक काय, साधी किल्ली आहे का, इमारतीत खाली बसायची सोय आणि स्वच्छतागृह आहे का. गडबडलेली उत्तरे आली तर ते घर घेत नाही. टॅक्सी तर दार प्रत्यक्ष उघडल्याशिवाय सोडतच नाही. चालक दहा मिनिटांचे जास्तीचे पैसे मागतो. ते आनंदाने द्यावेत. अडचणीत ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक त्याच कागदावर लिहिलेले असावेत.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी प्रश्न उलटा होतो. ही दारे आपोआप कुलूपबंद होतात. आजोबा सहज बाहेर डोकावायला गेले आणि मागे दार मिटले, तर ते अनोळखी मार्गिकेत अडकतात. आतून मात्र नुसती मूठ फिरवली की दार उघडते, कारण आग लागल्यास माणसाला आकडे न दाबता बाहेर पडता यावे. म्हणजे रात्री ते कोणालाही न कळता निघूनही जाऊ शकतात. अनोळखी जागी, विशेषतः संध्याकाळनंतर, अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो. बाहेरून कुलूप घालून त्यांना कोंडणे हा उपाय नव्हे. दाराच्या मुठीला पूजेतली लहान घंटा बांधावी आणि त्यांच्या खिशात नाव व आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. घंटा वजनाला काहीच नसते, माझ्या सामानात ती कायम असते.

उरलेले तीन दिवस चांगले गेले. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. प्रवेशापासून मंदिरापर्यंतची वाट ओढे ओलांडत, चढत जाते. पावसाळ्यात ती वृद्धांसाठी नव्हे. आम्ही पायथ्याच्या सावलीपर्यंतच गेलो, सकाळी सातला, आणि नऊच्या आत परतलो. नालासोपाऱ्याचा स्तूप, ज्याला स्थानिक लोक बुरूड राजाचा कोट म्हणत, तेथे फार चालावे लागत नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी सापडली. तिच्यात एकात एक बसवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. मी हे सांगितले तेव्हा आई म्हणाल्या, “एवढी कुलपं लावून मातीच ठेवली होय?”

शेवटच्या दिवशी वसईचा किल्ला पाहिला. पोर्तुगिजांना वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली आणि चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये ती घेतली. या किल्ल्याचे दोन दरवाजे प्रसिद्ध आहेत, एक जमिनीकडचा आणि एक दर्याकडचा. ज्यांच्यासाठी एवढे रक्त सांडले त्या दारांमधून आता किल्लाबंदरकडे जाणारा रस्ता जातो. कोळणी टोपल्या घेऊन जातात, मुले सायकली दामटतात, आणि गाडी आतपर्यंत नेता येत असल्याने वृद्धांना फार पायपीट पडत नाही. आत पाण्याची आणि स्वच्छतागृहाची खात्री धरू नये, दोन्हींची व्यवस्था करूनच निघावे. आम्ही वाटेत ताडगोळे घेतले होते. जुन्या भिंतीच्या सावलीत सोबत नेलेली घडीची खुर्ची मांडली. आईंनी दोन ताडगोळे सोलून खाल्ले, तिसरा पतींच्या हातात ठेवला आणि चौथा पदराखाली घेऊन म्हणाल्या, “हा त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला.”